दिवाणखान्याची जबानी

आमच्या दिवाणखान्यात होम थिएटरचा रिसीव्हर आला तो दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात. त्याची जोडणी करण्यासाठी दुकानातून आलेल्या तरुणाने अर्ध्या तासात पाच स्पीकरांच्या आणि एका सबवूफरच्या तारा ओढल्या, एका इंग्रजी चित्रपटातला स्फोट मोठ्याने ऐकवला, आणि शोकेसच्या काचा थरथरल्या हीच आपल्या कामाची पोच समजून तो निघून गेला. पुढचे सहा महिने आमच्या घरी चित्रपट पाहणे म्हणजे कसरत होऊन बसली. पात्रे बोलू लागली की आवाज वाढवायचा, पार्श्वसंगीत सुरू झाले की घाईघाईने उतरवायचा, आणि मधल्या फटीत आईच्या "काय म्हणाला रे तो?" या प्रश्नाला उत्तर द्यायचे, असा तो क्रम होता, आणि दोष यंत्राचाच, असा निकाल आम्ही एकमताने देऊन मोकळे झालो होतो. हा निकाल फिर्यादीचे कागद न वाचताच दिलेला होता, हे एका रविवारी रिमोटवरचे 'सेटअप' बटण मी प्रथमच दाबले तेव्हा ध्यानात आले. पडद्यावर एक प्रश्नावली उमटली, आणि तिच्यातले बहुतेक प्रश्न यंत्राविषयी नसून आमच्या घराविषयी होते : डावा स्पीकर किती अंतरावर आहे, मागचे दोन आहेत की नाहीत, सबवूफर आहे काय, कोणता स्पीकर कितपत मोठा आवाज देतो. यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर कोणी दिलेले नव्हते. त्यामुळे कारखान्यात गृहीत धरलेल्या, सर्व स्पीकर श्रोत्याभोवती जवळजवळ समान अंतरावर मांडलेल्या आणि बहुधा पृथ्वीवर कोठेच नसलेल्या एका घराचा कारभार ते बिचारे आमच्या घरात इमानेइतबारे हाकीत होते.

रिसीव्हर हे नाव पडले ते त्या पेटीत रेडिओ आणि ध्वनिवर्धक एकत्र नांदत असत म्हणून. आज त्यातला रेडिओ कोणी लावीत नाही, तरी वतने गेल्यावरही कुलकर्णी-देशपांडे ही आडनावे राहावीत तसे ते नाव राहिले आहे. प्रत्यक्षात त्याचे काम एखाद्या संस्थानच्या दिवाणासारखे आहे. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, डिस्क प्लेअर यांचे अर्ज एचडीएमआयच्या केबलींतून त्याच्यापुढे यायचे, त्यातले चित्र त्याने टीव्हीकडे रवाना करायचे, आणि ध्वनीची वाटणी करून ज्याचा त्याचा हिस्सा ज्या त्या स्पीकरकडे पोचता करायचा. ज्याला आपण 'पाच पूर्णांक एक' म्हणतो त्या व्यवस्थेत पुढे तीन आणि बाजूंना किंचित मागे दोन असे पाच पूर्ण वाटेकरी असतात. सहावा वाटा केवळ 120 हर्ट्झपर्यंतच्या खर्जाचा, आणि माणसाचा कान 20,000 हर्ट्झच्या आसपासपर्यंत ऐकतो हे लक्षात घेता इतका अल्प, की त्याची नोंद दशांश चिन्हानंतर करावी लागली.

ध्वनीला दिशा असावी ही मागणी मुळात चित्रपटगृहातली आहे. नट पडद्याच्या एका कडेला चालत जातो आणि त्याचा आवाज मात्र एकाच जागी खिळून राहतो, ही विसंगती ॲलन ब्लुमलाइन या इंग्रज अभियंत्याला खटकली असे सांगतात. 1931 साली त्याने दोन वाहिन्यांच्या ध्वनीच्या पेटंटसाठी अर्ज केला. 1940 साली डिस्नेच्या 'फँटेशिया'ने अनेक वाहिन्यांचा ध्वनी प्रेक्षकांपुढे आणला, आणि 1975 साली 'शोले' 70 मिलिमीटरच्या पडद्यावर स्टिरिओ ध्वनीसह झळकला तेव्हा मुंबईच्या 'मिनर्व्हा'त जाऊन आलेली मंडळी कथेइतकेच आवाजाविषयी बोलत असत. परंतु चित्रपटगृह आवाजासाठी बांधलेले असते. आमचा दिवाणखाना पाहुण्यांसाठी बांधलेला आहे, आणि साऱ्या सेटिंगांची यातायात या एका फरकातून उद्भवते.

प्रश्नावलीतला पहिला महत्त्वाचा प्रश्न स्पीकरच्या आकाराचा : लहान की मोठा? शब्दांनी माणसाची फसगत करण्याचा इतका साळसूद नमुना मी दुसरा पाहिलेला नाही. चांगले पैसे मोजून आणलेल्या वस्तूला स्वतःच्या तोंडाने लहान म्हणायला कोणता गृहस्थ धजावेल? मीही सगळ्यांपुढे 'मोठा' लिहून मोकळा झालो असतो. वस्तुतः या प्रश्नाचा स्पीकरच्या उंचीरुंदीशी वा किमतीशी संबंध नाही. खर्जाचा भार त्याने स्वतः वाहायचा की सबवूफरकडे वर्ग करायचा, एवढेच त्यात विचारलेले असते. दोन वीत उंचीच्या स्पीकरवर ढगांचा गडगडाट लादला तर तो धापा टाकू लागतो आणि त्या धापेत माणसांचे बोलणेही गढूळ होते. म्हणून घरगुती मांडणीत बहुधा 'लहान' हेच उत्तर योग्य, आणि कारभाराची हद्द, जिला क्रॉसओव्हर म्हणतात, ती 80 हर्ट्झवर आखावी असा सर्वसाधारण प्रघात आहे. त्या हद्दीखालचा आवाज कोठून येतो हे कानाला फारसे सांगता येत नाही, आणि त्यामुळेच सबवूफर कोपऱ्यात ठेवला तरी खर्ज पडद्यावरूनच आल्याचा भास टिकतो.

दुसरा प्रश्न अंतराचा, आणि मला सर्वांत रस वाटला तो याच प्रश्नात. हवेतून ध्वनी सेकंदाला सुमारे 343 मीटर धावतो, म्हणजे एक फूट ओलांडायला त्याला जवळजवळ एक सहस्रांश सेकंद लागतो. आमचा सोफा मागच्या भिंतीला टेकलेला, पुढचे स्पीकर त्यावर बसणाऱ्याच्या कानापासून दहा फुटांवर आणि उजवीकडचा मागचा स्पीकर अवघ्या चार फुटांवर. तेव्हा त्या मागच्या स्पीकरचा आवाज इतरांच्या पाच-सहा सहस्रांश आधीच कानी पोचत होता. एवढ्याशा फरकाने काय बिघडते, असे वाटेल. परंतु एकच आवाज दोन ठिकाणांहून थोड्या अंतराने आला, तर दिशा ठरवताना आपला कान आधी आलेल्याचीच साक्ष ग्राह्य धरतो, आणि मागाहून आलेला काहीसा मोठा असला तरी आपला निकाल बदलीत नाही. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने 1949 साली ग्योटिंगेनच्या विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधामुळे हा कानाचा स्वभाव त्याच्या नावाने ओळखला जाऊ लागला. या स्वभावामुळे, पुढच्या आणि मागच्या स्पीकरांत वाटून दिलेला पाऊस आमच्या घरी केवळ उजव्या खांद्यावर पडत असे. खरे अंतर कळवताच यंत्र जवळच्या स्पीकरचा आवाज तेवढाच अडवून धरते आणि सर्वांना एकाच क्षणी दाखल करून घेते. मोजणी मात्र भिंतीच्या कडेने नव्हे, तर बसणाऱ्याच्या कानापासून स्पीकरच्या तोंडापर्यंत सरळ फीत ताणून करायची. मी ती पत्नीच्या मदतीने केली, फितीचे दुसरे टोक धरून ती म्हणाली, "जमिनीची मोजणी पाहिली होती, कानाची आज पाहिली."

हे सारे आपोआप करून देणारा एक लहानसा मायक्रोफोनही पेटीत असतो, आणि तो आमच्याकडे वेष्टनातच पडून होता. तो कानाच्या उंचीवर, शक्यतो कॅमेऱ्याच्या तिवईवर ठेवायचा असतो. हातात धरायचा नसतो, कारण मग यंत्र माणसाचे शरीरही खोलीत जमा धरते. एकेका स्पीकरमधून विचित्र चीत्कार निघतात, मायक्रोफोन ते ऐकतो आणि अंतर, पातळी, हद्द सर्व काही स्वतः लिहून काढतो. अट एकच, शांतता. ही अट भारतीय घरात पुरी करणे किती दुर्घट आहे याची त्या कारखानदारांना कल्पना नसावी. पहिल्यांदा पंखा चालू असल्याची तक्रार आली, दुसऱ्यांदा कुकरची शिट्टी झाली, तिसऱ्यांदा खाली भंगारवाल्याने आरोळी दिली. अखेर रात्री अकरा वाजता, सर्वांना एका जागी बसवून, पंख्याविना घामाघूम होत आम्ही ती जबानी पुरी केली. निकालात सबवूफरचे अंतर अकरा फूट लिहिलेले होते, प्रत्यक्ष फीत सात सांगत होती. मी ते दुरुस्त करायला निघालो होतो, पण सुदैवाने थांबलो. सबवूफरच्या पोटातल्या मंडलांतून जाताना आवाजाला विलंब होतो, आणि तो विलंब यंत्र आपल्या परीने फुटांत मांडते. तेव्हा तो आकडा चुकीचा दिसला तरी खरा असतो व त्याला हात लावायचा नसतो. इतर आकडे मात्र एकदा फितीशी ताडून पाहावेत.

आता पातळीविषयी. डेसिबलच्या मोजमापात एका अंकाचा फरक कानाला जेमतेम कळतो, तर दहांची वाढ साधारणपणे दुप्पट मोठा आवाज वाटते. आमच्या पाहुण्यांना नेहमी नवल वाटते ते रिसीव्हरवरचा आवाजाचा आकडा उणे असण्याचे. त्यातले शून्य म्हणजे ज्या पातळीवर चित्रपटाचे ध्वनिमिश्रण झाले ती थिएटरची पातळी, आणि योग्य जुळणी झालेल्या यंत्रावर तिथवर जाणे शेजारधर्माला सोडून होईल. आम्ही उणे तिसाच्या आगेमागे असतो. संवाद ऐकू न येण्याचा आमचा मूळ रोग येथेच होता. पुढचा मधला स्पीकर, ज्याच्याकडे बहुतेक सर्व संभाषण सोपवलेले असते, तो त्या तरुणाने शोकेसच्या कप्प्यात हातभर आत सारून ठेवला होता. तो कडेवर ओढला, त्याचे तोंड किंचित वर कानाकडे वळवले, आणि मग मधल्या वाहिनीची पातळी तीन डेसिबलने चढवली. तीन डेसिबल शास्त्रशुद्ध नाहीत. ते आईसाठी आहेत.

एक गोष्ट मात्र कोणत्याही सेटिंगने सुटली नाही. आमची खोली सोळा फूट लांब, म्हणून तिच्या दोन भिंतींमध्ये सुमारे 35 हर्ट्झचा घुमारा अडकून उभा राहतो. तो भिंतीशी सर्वाधिक आणि मध्यावर जवळजवळ नाहीसा. भिंतीला टेकून बसणाऱ्याला खर्ज अजीर्ण होण्याइतका मिळत होता. यंत्र असा फुगवटा थोडाफार छाटते, पण मध्यावरचा खड्डा त्याला भरता येत नाही. शेवटी सोफाच दीड फूट पुढे ओढला, आणि मोजणी पुन्हा केली.

राहिलेल्या किरकोळ बाबींपैकी टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे परत आणणारी केबल टीव्हीच्या 'एआरसी' लिहिलेल्या खाचेतच बसवावी लागते, हे सांगण्याजोगे. अनेक घरांतला टीव्ही मुका राहतो तो या एका चुकीमुळे. टीव्ही चित्रावर संस्कार करण्यात वेळ घालवतो तेव्हा ओठांआधी शब्द येतात, आणि ते फार खुपते, कारण निसर्गात वीज आधी दिसते व गडगडाट मागून येतो, उलटे कधी घडत नाही. त्यासाठी आवाज काही सहस्रांश रोखण्याची सोय असते. रात्री मोठे आवाज दाबून हळू आवाज उचलणारे सेटिंगही आहे, ते मुले झोपल्यावर उपयोगी. परंतु 'हॉल', 'स्टेडियम', 'जॅझ क्लब' अशा नावांची जी कृत्रिम रूपे मेनूत मांडलेली असतात ती मला सरळ बाजारू वाटतात. बालगंधर्वांच्या तबकड्या एकाच वाहिनीवर मुद्रित झालेल्या आहेत. त्यांना स्टेडियममध्ये नेऊन पाच बाजूंनी गाववणे हा गायकाचा मान नव्हे. त्या मी पुढच्या दोनच स्पीकरांवर, 'डायरेक्ट' लावून ऐकतो.

सर्व आकडे मी वहीत उतरवून ठेवले आहेत, कारण सॉफ्टवेअर अद्ययावत होताना यंत्राला कधीकधी विस्मृती होते असे ऐकून आहे. वहीत दोन पाने आहेत. भाद्रपदात डाव्या स्पीकरच्या जागी गणपतीचे मखर येते, स्पीकर खिडकीकडे सरकतो, सोफा उलट्या भिंतीला जातो, आणि दहा दिवस पहिली सगळी जबानी खोटी ठरते. आमच्या रिसीव्हरमध्ये मांडणीचे दोन नमुने साठवता येतात. एकात वर्षभराचे घर आहे, आणि दुसऱ्या पानावर, आईच्या अक्षरात, वर 'श्री' लिहून खाली सहा अंतरे फुटांत मांडलेली आहेत.