काकवी घरी करण्याची रीत व तिचे मर्म

शाहूपुरी आणि गूळ हे दोन शब्द कोल्हापुरात एकमेकांस सोडून राहात नाहीत. राजर्षी शाहू छत्रपतींनी सन १८९५ मध्ये रेल्वे स्टेशनाजवळ ही व्यापारी पेठ वसविली. मिरजेहून येणारी रेल्वे त्यापूर्वी चार वर्षे, म्हणजे सन १८९१ मध्ये सुरू झालेली होती. त्यामुळे खेड्यांतून बैलगाड्यांनी आलेले गुळाचे रवे येथून दूरदूरच्या मुलखात जाऊ लागले. पुढे गुळाचे सौदे मार्केट यार्डात होऊ लागले आणि सन २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळास भौगोलिक निर्देशांकाचा मानही मिळाला. इतका लौकिक असलेल्या या मुलखात त्याच उसाच्या रसाचा दुसरा पदार्थ, जो काकवी, तो मात्र बागायतदाराच्या स्वतःच्या घरातूनच नाहीसा होत चालला आहे, ही खेदाची गोष्ट होय.

याचे कारण उघड आहे. गावोगावची गुऱ्हाळे कमी झाली, ऊस कारखान्याकडे जाऊ लागला आणि ज्याच्या बांधावर पाच एकर ऊस उभा आहे तोही मुलांच्या भाकरीबरोबर दुकानातील बाटलीबंद गोड चटण्या आणू लागला. गुऱ्हाळ नसले तरी काकवी करता येते. तिला काहील लागत नाही, चुलवाण लागत नाही, मोठा खर्चही लागत नाही. मात्र चार गोष्टींचे मर्म ठाऊक असावे लागते. ते नसल्यामुळेच पुष्कळांची काकवी महिन्याभरात फसफसते किंवा बाटलीच्या तळाशी साखर धरते. आणि एकदा असे झाले की पुन्हा कोणी त्या वाटेस जात नाही. यास्तव या लेखात आम्ही रीत व तिच्यामागील कारण ही दोन्ही देत आहोत.

काकवी म्हणजे काय

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. कारखान्यात साखर काढून घेतल्यावर जो काळा चिकट द्रव उरतो ती मळी. ती काकवी नव्हे. काकवी म्हणजे उसाच्या रसातील मळ काढून, त्यातील पाणी आटवून केलेला दाट पाक होय. त्यातून साखर काढून घेतलेली नसते. तोच रस पुढे आटवीत राहिल्यास त्याचा गूळ होतो. म्हणून गुऱ्हाळावर काकवी हवी असल्यास आदण गुळावर येण्यापूर्वीच ती काढून घेतात. सारांश, गूळ व काकवी ही एकाच वाटेवरील दोन ठाणी आहेत, आणि अलीकडच्या ठाण्यावर नेमके कोठे उतरावे हे कळणे यातच सारी कला आहे.

उसाची निवड

काकवीस ऊस पक्व पाहिजे. दिवाळीनंतर थंडी पडल्यापासून फाल्गुनापर्यंतचा काळ उत्तम. या भागात को ९२००५ हा वाण गुळासाठी नावाजलेला आहे. को ८६०३२ हा तर जागोजागी आहेच. वाणापेक्षाही जमीन व खत यांकडे अधिक लक्ष द्यावे. क्षारपड जमिनीतील उसाची काकवी खारट लागते, आणि ज्या उसास उशिरापर्यंत युरिया दिलेला असतो त्याची काकवी काळसर होते. घरच्यासाठी दोन-तीन सऱ्या निवडून ठेवाव्या. त्या पडलेल्या, किडलेल्या किंवा उंदराने खाल्लेल्या नसाव्या.

ऊस तोडल्यावर वाढे व शेंड्याकडील कोवळी कांडी काढून टाकावी, कारण त्यांत साखर थोडी व क्षार फार. मुळाची माती धुऊन काढावी. ऊस तोडल्या दिवशीच गाळावा. तोडून ठेवलेल्या उसातील साखर आपोआप फुटू लागते, रस आंबू लागतो, आणि त्याचा परिणाम रंगावर व टिकाऊपणावर होतो.

रस व मळ काढणे

घरच्या मापासाठी १० लिटर रस धरू. त्यास सुमारे १८ किलो सोललेला ऊस लागतो. रसवंतीच्या चरकावर तो गाळून आणता येतो. मात्र चरक प्रथम धुऊन घ्यावयास सांगावे आणि रसात बर्फ, आले किंवा लिंबू पडू देऊ नये. रस घरी येताच दुहेरी फडक्यातून गाळावा व लगेच चुलीवर ठेवावा. भांडे रुंद तोंडाचे व जाड बुडाचे घ्यावे, आणि ते निम्म्याहून अधिक भरू नये, कारण फेस फार वर येतो. स्टीलचे भांडे उत्तम. पितळी असल्यास कल्हई शाबूत आहे ना हे पाहावे, कारण रस मूळचाच किंचित आंबट असतो व उघड्या पितळेस लागतो.

मळ काढण्यास आपल्याकडे रानभेंडीचा उपयोग फार दिवसांचा आहे. हिरव्या खोडाचा २० ते २५ ग्रॅमचा तुकडा स्वच्छ धुऊन ठेचावा, पाण्यात कुसकरावा आणि जो बुळबुळीत द्रव निघेल तो गाळून कोमट रसात घालावा. रानभेंडी न मिळाल्यास भाजीच्या भेंडीचे खोडही चालते. त्या चिकट द्रवात रसातील बारीक मळ अडकतो, आणि रस तापू लागला की तो काळपट जाड सायीसारखा वर येतो. ही मळी रसास उकळी फुटण्यापूर्वीच झाऱ्याने हलकेच काढावी. उकळी फुटली की ती मोडून पुन्हा रसात मिसळते, आणि मग कितीही गाळले तरी काकवी गढूळच राहते. यासाठी प्रारंभी आच मंद ठेवावी. पहिली मळी निघाल्यावर दुसरी पांढुरकी येते, तीही काढावी.

गुऱ्हाळावर रसाचा आंबटपणा मारण्यास चुन्याची निवळी घालतात. गूळ कठीण व रवाळ होण्यास ती लागते. घरच्या काकवीस तिची आवश्यकता नाही. चुना अधिक झाल्यास रंग काळवंडतो. गूळ पिवळा दिसावा म्हणून हायड्रॉससारखी रसायने घालण्याची जी चाल काही ठिकाणी पडली आहे तिचा तर घरच्या भांड्याशी संबंधच येऊ देऊ नये. बाजार पिवळ्या रंगास भाव देतो म्हणून बागायतदार तसा माल करतो. पण तोच माल आपल्या मुलांच्या ताटात वाढण्याचे त्यास कारण नाही. चांगली काकवी तांबूस, मधाच्या रंगाची असते, व तोच तिचा खरा रंग.

आटविणे व लिंबू

मळी निघाल्यावर आच मोठी करावी. मंद आचेवर रस फार वेळ राहिला तर साखर जळून रंग गडद होतो. फेस अनावर झाल्यास शेंगदाण्याच्या तेलाचे दोन-चार थेंब सोडावे. तो लगेच बसतो. रस आटून निम्म्याच्या खाली आला की एका मध्यम लिंबाचा रस गाळून घालावा. लिंबाच्या जागी सायट्रिक आम्ल वापरावयाचे असल्यास तयार होणाऱ्या अडीच किलो काकवीस १ ग्रॅम पुरते.

लिंबाचे कारण समजून घेण्यासारखे आहे. उसातील साखर दाट पाकात थंड झाली की खडे धरते. आंबटपणा व उष्णता यांच्या योगाने तिचा काही भाग फुटून द्राक्षसाखर व फळसाखर अशा दोन साखरा होतात. या दोहोंच्या मिश्रणामुळे उरलेल्या साखरेस खडा धरता येत नाही. गुळास जो दोष, तोच काकवीस गुण! गूळ करणारा आंबटपणास भितो, काकवी करणाऱ्याने तो थोडासा मुद्दाम आणावा.

कोठे थांबावे

येथेच बहुतेकांची चूक होते. लवकर उतरविली तर काकवी आंबते, उशीर झाला तर घट्ट होऊन खडे धरते. स्वयंपाकाची उष्णतामापक नळी आता सहज मिळते. ती घ्यावी व प्रथम उकळत्या पाण्यात धरून पाहावी. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून उंच असल्यामुळे येथे पाणी १०० अंशांवर नव्हे, सुमारे ९८ अंशांवरच उकळते. आपल्या नळीवर पाण्याचा जो अंक येईल त्याहून ७ अंश वर पाक गेला, म्हणजे सुमारे १०५ अंशांवर आला, की भांडे तत्काळ उतरवावे. गूळ ११६ ते ११८ अंशांच्या सुमारास होतो, यावरून दोहोंतील अंतर ध्यानात येईल. शेवटच्या तीन-चार अंशांत आच कमी करावी व सतत ढवळावे.

नळी नसल्यास थंड पाण्याच्या वाटीत थेंब टाकून पाहावा. तो पाण्यात विरघळून गेला तर पाक कच्चा. त्याची बोटांत धरता येईल अशी गोळी झाली तर तो गुळाकडे गेला. तळाशी जाऊन चपटा पसरला व हलविल्याखेरीज विरघळला नाही तर काकवी झाली.

याहून खात्रीची कसोटी तराजूची आहे, आणि आयुष्यभर आकडे मांडलेल्या आमच्यासारख्यास तीच अधिक रुचते. ज्या बाटलीत बरोबर १ किलो पाणी मावते, तीत काकवी थंड झाल्यावर १ किलो ३५० ते ३८० ग्रॅम भरली पाहिजे. वजन त्याहून कमी भरल्यास पाणी जास्त राहिले असे समजावे व काकवी पुन्हा थोडी आटवावी. हवेतील किण्वजीवांस वाढण्यासाठी मोकळे पाणी लागते. पाक पुरेसा दाट असला की त्यांस ते मिळत नाही. काकवी टिकते ती एवढ्याच एका कारणाने.

भरणे व ठेवणे

काचेच्या बाटल्या धुऊन पाण्यात १५ ते २० मिनिटे उकळाव्या आणि उन्हात अगदी कोरड्या कराव्या. भरण्यापूर्वी त्या कोमट करून घ्याव्या, नाहीतर तडकतात. काकवी फडक्यातून गाळून गरम असतानाच गळ्यापर्यंत भरावी व झाकण घट्ट लावून बाटली पाच मिनिटे उपडी ठेवावी. अर्धी भरलेली बाटली ठेवू नये. तीत वाफेचे थेंब झाकणास जमून खाली पडतात, वरचा थर पातळ होतो, आणि आंबणे तेथूनच सुरू होते. याच कारणास्तव काढताना ओला चमचा घालू नये.

तळाशी खडे दिसल्यास काकवी बिघडली असे नव्हे. बाटली गरम पाण्यात ठेवली की ते विरघळतात. परंतु फेस, आंबट वास किंवा झाकण उडणे ही चिन्हे दिसल्यास ती टाकून द्यावी. पुन्हा उकळून घरात वापरू नये.

जमाखर्च

१० लिटर रसापासून सुमारे अडीच किलो काकवी मिळते, म्हणजे १ किलोस ७ किलोंहून थोडा अधिक ऊस पडला. ऊस टनास ३,००० रुपये धरला, तर किलोभर काकवीतील ऊस सुमारे २२ रुपयांचा होतो. त्यावर गाळाई, सरपण, बाटली व घरच्या माणसांचे श्रम धरावे. दुकानातील बाटलीची किंमत शेजारी लिहून प्रत्येकाने आपला हिशेब आपण करावा. आम्ही तो करून देण्याची गरज नाही.

उपयोग

भाकरी, घावन, आंबोळी यांबरोबर काकवी खाण्याची आपली रीत जुनी आहे. चिंचेच्या कोळात काकवी, तिखट, मीठ व जिऱ्याची पूड घालून चमच्यास लेप बसेपर्यंत आटविल्यास आंबटगोड चटणी होते. पाकाचा असा उपयोग दूरदेशीही आहे. जपानात तेरियाकी म्हणून एक प्रकार करतात. तेरी म्हणजे चकाकी व याकी म्हणजे भाजणे. सोयाबीन व गहू आंबवून केलेला खारट शोयु, तांदळाचे गोड मद्य व साखर ही एकत्र आटवून तो लेप मासळीवर किंवा कोंबडीवर लावून भाजतात. आपल्या जिल्ह्यात ऊसही आहे व सोयाबीनही आहे. दुकानातील सोया सॉस एक वाटी, काकवी अर्धी वाटी, किसलेले आले व चमचाभर शिरका मंद आचेवर आटवून पाहावे. मद्य व साखर या दोहोंची जागा काकवी भरून काढते. वांग्याच्या किंवा पनीरच्या कापांवर हा लेप चांगला बसतो. सोया सॉस मूळचाच खारट असल्यामुळे वरून मीठ घालू नये.

एक इशारा देऊन लेख पुरा करतो. काकवी सकस आहे म्हणून ती औषध आहे असा बोलबाला अलीकडे ऐकू येतो, तो खरा मानू नये. ती शेवटी साखरच आहे. मधुमेह्यांनी तिच्यापासून दूर राहावे व इतरांनीही ती बेतानेच खावी. येत्या हंगामात तोड सुरू होण्यापूर्वी सभासदांनी दोन सऱ्या राखून १० लिटरांचे एक आदण घरी करून पाहावे, आणि तराजूचा आकडा जुळतो की नाही ते वहीत लिहून ठेवावे. पुढील वर्षी ती नोंद त्यांस या लेखापेक्षाही अधिक उपयोगी पडेल.