चिखलदऱ्याच्या उतारावरचं रबर

संपादकांनी पाठवलं होतं अमरावतीतल्या हलक्या सायकलींच्या वेडावर लिहायला. मी गुंतलो तो त्या सायकलींच्या मिस्त्रीपाशी. काळ्या ॲटलसच्या दांड्यांच्या ब्रेकवर त्याचा हात बसला, आता समोर आठ किलोच्या कार्बन सायकली टांगलेल्या.

"सायकल हलकी घेतली बाप्पा, पण ब्रेकले सायकल न् माणूस, दोघायचं वजन थांबवा लागते!"

हिशेब त्याच्या बाजूनेच लागतो. परतवाड्याहून चिखलदरा सुमारे सातशे मीटर उंच. सायकल आणि स्वार मिळून ८५ किलो धरले, तर उतरताना जवळपास ५८० किलोज्यूल ऊर्जा जिरवावी लागते. तेवढ्यात पावणेदोन लिटर पाणी उकळेल. काही वारा खातो, उरलेली वळणावळणाला ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते.

मिस्त्रीचा लाडका ब्रेक ड्युअल पिव्हट, म्हणजे रबरी पॅडने रिम पकडणारा. जुन्या ब्रेकचे दोन्ही हात एकाच बोल्टवर फिरत आणि एका बाजूला सरकत. यात एका हाताला स्वतंत्र खीळ, म्हणून पकड जास्त आणि चाक मधोमध. १९९० च्या सुमारास शिमानोने तो रूढ केला. पॅड बसवताना मिस्त्री पॅडच्या मागच्या टोकाखाली लग्नपत्रिकेचा तुकडा सरकवून बोल्ट आवळतो. पुढचं टोक रिमला आधी टेकतं, किंचाळणं थांबतं. पावसाळ्यात सुईने रबरातले खडे आणि ॲल्युमिनियमचे कण उपसतो, नाहीतर तेच रिम खरवडतात. हे काम मी चहा गार होईपर्यंत पाहत राहिलो.

मग अडचणी सुरू होतात. आपल्या रस्त्यांना २८-३२ मिलिमीटरचे टायर बरे, पण आखूड हातांच्या ब्रेकखाली २८ च्या पुढे जागाच नसते. कार्बन रिम लांब उतारावर तापते. २०१८ मध्ये यूसीआय या जागतिक सायकल संघटनेने रस्त्यावरच्या शर्यतींना डिस्क, म्हणजे रिमऐवजी चाकाच्या मध्यावरची चकती धरणारा ब्रेक, खुली केली; तेव्हापासून महागड्या नव्या सायकलींतून रिम ब्रेक जवळपास हद्दपार झाला. डिस्क ओल्यातही धरते, हे मान्यच. वजन मात्र चार-पाचशे ग्रॅम वाढतं, आणि रिम ब्रेकच्या फ्रेमवर ती चढत नाही. मोटारसायकलचं ब्रेक ऑइल कुठेही मिळतं, पण शिमानोच्या डिस्कला मिनरल ऑइलच हवं. दुसरं टाकलं की आतली सीलं खराब.

माझं मत विचाराल, तर अकोल्याच्या सपाटीवर फिरणाऱ्याने चांगले पॅड आणि ॲल्युमिनियम रिम यांवर भागवावं. घाट नेमाने उतरणाऱ्याने डिस्क घ्यावी, सोबत तेलाची बाटली आणि पॅडचा जादा जोड. डिस्क घेतलेल्या अकोल्याच्या एका गिऱ्हाइकाने ही बाटली आणि हा जोडच जवळ ठेवला नव्हता.

"रोज फोन करते," मिस्त्री म्हणाला. "म्या सांगतलं, कुरियर येऊ दे, मंग ये."