दारावरचे ओरखडे आणि डिपॉझिटचा हिशेब

पुण्यातला माझा फ्लॅट रिकामा झाला, तेव्हा बेडरूमच्या दाराची सनमायका खालून सुटली होती. घरात एकटा राहिलेला भाडेकरूचा कुत्रा दार खरवडत असे. कपाटाच्या तळाच्या प्लायला मुताचा वास होता, भिंतींचा रंगही उतरला होता. चावी घेताना मी मनात ठरवून टाकलं: पन्नास हजारांच्या डिपॉझिटमधले तीस कापायचे. ते चूक होतं.

डिपॉझिट भाडेकरूचंच असतं, आपल्याकडे ते फक्त ठेवायला दिलेलं. करारनाम्यात ‘प्राणी पाळल्यास वीस हजार कापू’ असं लिहून भागत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा. हाती पडते ती वाजवी भरपाई.

माझ्या भिंतींचा रंग चार वर्षांचा जुना. तो मला काढायचाच होता. त्याचा खर्च भाडेकरूच्या माथी मारणं म्हणजे त्याच्या पैशाने आपलं घर नवं करून घेणं. रोजच्या वापराने होणारी झीज मालकानेच सोसायची. दाराचं मात्र तसं नाही, ते नुकसानच.

वासाचं प्रकरण सगळ्यात चिवट. फिनेलने तो तात्पुरता झाकला जातो, पण प्लायमध्ये मुरलेले मुताचे अंश साध्या पाण्याने निघत नाहीत आणि पावसाळ्यात ओल लागली की वास परत येतो. म्हणून प्लाय बदलायचं बिल लावण्याआधी एन्झाइमचं क्लीनर वापरून पाहावं. माझ्या कपाटाचा वास दोन वेळा ते लावल्यावर गेला.

खरं काम ताबा देतानाच करायचं असतं. प्रत्येक दार, ओटा, फरशी यांचा तारखेसह व्हिडिओ आणि दोघांच्या सहीची यादी. माझ्याकडे यादी नव्हती, जुने फोटो तेवढे होते. दाराचा वाद त्यांनीच मिटवला. लिव्ह अँड लायसन्सची नोंदणीही टाळू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ ने ती मालकाची जबाबदारी आहे. नोंदणी नसेल, तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं आणि ते खोडून काढायचं ओझं आपल्यावर येतं.

शेवटी मी सुताराच्या आणि क्लीनरच्या बिलांचे मिळून चार हजार दोनशे कापले. बिलांचे फोटो पाठवले आणि उरलेले पैसे त्याच दिवशी भाडेकरूच्या खात्यात भरले.