सभाधीटपणा शिकता येतो

पालघर वा बोईसर येथील महाविद्यालयात प्रकल्प सादरीकरणाचा दिवस उजाडला की एक दृश्य हमखास पाहावयास मिळते. महिनाभर मेहनत घेतलेली विद्यार्थिनी वर्गासमोर उभी राहते. विषयाची तिला उत्तम जाण असते, सर्व आकडे वहीत असतात. परंतु समोरचे पन्नास चेहरे पाहताच तिच्या घशाला कोरड पडते. मग ती पडद्याकडे तोंड आणि वर्गाकडे पाठ करून स्लाईडवरील इंग्रजी वाक्ये एका दमात वाचून काढते व जागेवर येऊन बसते. परीक्षकांना वाटते, हिला काही येत नाही. हळूहळू तिलाही तसेच वाटू लागते. वस्तुतः तिला येत असते, फक्त सांगता येत नसते. या दोन गोष्टींत मोठे अंतर आहे आणि ते सरावाने कमी करता येते. ते कसे, हे प्रस्तुत लेखात पाहू या.

प्रश्न केवळ गुणांचा नाही

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवी अभ्यासक्रमात क्षेत्रीय प्रकल्प व प्रत्यक्ष कार्यानुभव यांना महत्त्व आले आहे. त्यामुळे केलेले काम चारचौघांसमोर मांडण्याची वेळ आता प्रत्येक विद्यार्थ्यावर येते. परंतु खरी कसोटी महाविद्यालयाबाहेर लागते. तारापूर औद्योगिक वसाहतीत अनेक रासायनिक कारखाने आहेत. अशा ठिकाणी नव्याने रुजू झालेल्या तरुणाला एखाद्या नळीतून गळती होत असल्याचे दिसले, तर ती गोष्ट वरिष्ठांना नेमक्या शब्दांत आणि न कचरता सांगता आली पाहिजे. तेथे संकोच महागात पडू शकतो.

गावाच्या बाबतीतही तेच. पालघर जिल्ह्याचा बराच भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो आणि १९९६ च्या पेसा कायद्याने तेथील ग्रामसभेला विशेष अधिकार दिले आहेत. मोठ्या प्रकल्पांसाठी पर्यावरणविषयक जनसुनावणी होते. वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२४ साली मान्यता दिली, तेव्हा या किनाऱ्यावरील लोकांना हा विषय किती जिव्हाळ्याचा आहे हे सर्वांनी पाहिले. मत कोणतेही असो, ते मोजक्या वेळात, पुराव्यासह आणि शांतपणे मांडणारी माणसे गावाला हवी असतात. शिकलेला मुलगा अथवा मुलगी तेथे गप्प राहिली, तर गावाच्या वतीने बोलणार कोण?

संकोचाचे मूळ

आपल्या परिसरात या संकोचाचे एक मूळ भाषेत आहे. घरी वारली, मांगेली, वाडवळी किंवा सामवेदी बोली, शाळेत प्रमाण मराठी, महाविद्यालयात इंग्रजी आणि बोईसरच्या बाजारात हिंदी असा हा प्रवास असतो. देशातील पहिले अणुवीज केंद्र १९६९ साली तारापूर येथे सुरू झाले, पुढे औद्योगिक वसाहत वाढली आणि भारताच्या कानाकोपऱ्यातून कुटुंबे येथे आली. एकाच वर्गात चार-पाच मातृभाषा असणे बोईसरला नवीन नाही. अशा वर्गात आपल्या उच्चारांना कोणी हसेल या भीतीने अनेक विद्यार्थी तोंडच उघडत नाहीत.

येथे आपल्याच जिल्ह्यातील दोन उदाहरणे आठवतात. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचे कार्य केले. मूल शाळेत येत नसेल तर शाळाच त्याच्या अंगणात नेण्याचा मार्ग त्यांनी स्वीकारला. ओळखीच्या परिसरात आणि ओळखीच्या वस्तूंमध्ये मुलाचे मन मोकळे होते, ही त्यामागील दृष्टी होती. दुसरे उदाहरण फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे. वसईतील नंदाखाल या गावी जन्मलेले फादर २०२० साली उस्मानाबाद येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ साली त्यांचे निधन झाले. खेड्यात जन्मलेला आणि बोलीच्या परिसरात वाढलेला माणूस मराठीच्या सर्वांत मोठ्या व्यासपीठावरून बोलू शकतो, हे त्यांनी दाखवून दिले.

म्हणून विद्यार्थ्याने आपला विषय प्रथम घरच्या भाषेत सांगून पाहावा. आईला किंवा आजीला तो कळला, तर तो आपल्यालाही कळला आहे असे समजावे. त्यानंतर तोच आशय प्रमाण मराठीत वा इंग्रजीत न्यावा. भाषांतर करताना शब्द अडतील, पण विचार अडणार नाही. याउलट न समजलेले इंग्रजी परिच्छेद पाठ केले, तर एक शब्द विसरताच संपूर्ण भाषण कोसळते.

भीती इतरांना दिसते का?

व्यासपीठावर उभे राहिल्यावर छाती धडधडते, तळहात घामेजतात. आपली ही अवस्था सर्वांना स्पष्ट दिसत आहे असे वाटते आणि त्या विचाराने भीती दुप्पट होते. केनेथ सॅवित्स्की व थॉमस गिलोविच या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, वक्त्यांना आपण जितके घाबरलेले दिसतो असे वाटत होते, तितके ते श्रोत्यांना दिसत नव्हते. ज्या वक्त्यांना ही गोष्ट भाषणापूर्वी समजावून सांगितली गेली, त्यांची भाषणे अधिक चांगली झाली. याचा अर्थ असा की भीती नाहीशी होईपर्यंत थांबण्याची गरज नाही. धडधडत्या छातीनेही चांगले बोलता येते.

मांडणी : कीर्तनाकडून घेण्यासारखा धडा

पालघरच्या महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे ते सोनोपंत उर्फ शंकर वामन दांडेकर (१८९६–१९६८) हे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक व पुण्यातील सर परशुरामभाऊ महाविद्यालयाचे प्राचार्य होते. त्याचबरोबर ते वारकरी संप्रदायातील नामांकित कीर्तनकार व प्रवचनकारही होते. वर्गातील पदवीधर आणि कीर्तनाला आलेला शेतकरी अशा दोन्ही श्रोत्यांशी त्यांचे नाते होते. वारकरी कीर्तनाची रचना पाहिली तर सादरीकरणाचा एक उत्तम नमुना हाती लागतो. कीर्तनकार निरूपणासाठी एकच अभंग घेतो. त्यातील विचार उलगडतो, तो पटावा म्हणून दृष्टान्त देतो आणि पुन्हा मूळ चरणाकडे येतो. श्रोता कितीही दूर बसलेला असो, आज कोणता विचार ऐकला हे त्याला घरी जाऊन सांगता येते.

विद्यार्थ्याच्या सादरीकरणातही असा एकच मुख्य विचार असावा. एक उदाहरण घेऊ या. समजा, एका विद्यार्थिनीचा प्रकल्प सातपाटीच्या पापलेटवर आहे. ती सुरुवातीस भारतीय अर्थव्यवस्थेतील मत्स्यव्यवसायाचे स्थान, त्याची व्याख्या आणि इतिहास सांगू लागली, तर पाच मिनिटांत वर्ग कंटाळेल. त्याऐवजी तिने असा आरंभ करावा : “पापलेटला २०२३ साली महाराष्ट्राचा राज्यमासा घोषित करण्यात आले. पण पापलेटची पिल्लेच पकडली गेली, तर पुढील हंगामात मोठा मासा कोठून येणार?” श्रोत्यांना विषय कळला आणि प्रश्नही कळला. आता तिने बंदरात जाऊन काय पाहिले, मच्छीमार बांधवांनी काय सांगितले आणि त्यावरून काय निष्कर्ष निघतो, हे तीन भाग क्रमाने सांगावेत. शेवटी पहिल्या प्रश्नाकडे परत येऊन त्याचे उत्तर द्यावे. स्लाईडवर परिच्छेद नकोत. एखादे छायाचित्र, एखादा तक्ता आणि चार शब्द पुरेत. वाचायचे सर्व पडद्यावर असेल, तर बोलणाऱ्याची गरज काय?

आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट इतरांनाही सहज समजेल, हा आणखी एक भ्रम आहे. १९९० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी एक साधा प्रयोग केला. काहींनी परिचित गाण्यांची लय टेबलावर बोटांनी वाजवायची आणि इतरांनी गाणे ओळखायचे. निम्मी गाणी ओळखली जातील असा वाजवणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात १२० पैकी केवळ ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या मनात संपूर्ण गाणे घुमत होते, ऐकणाऱ्याला मात्र फक्त टकटक ऐकू येत होती. घाईघाईने, पारिभाषिक शब्दांत केलेल्या सादरीकरणाचे असेच होते. म्हणून प्रत्येक नवा शब्द एका सोप्या वाक्यात समजावून द्यावा आणि महत्त्वाच्या मुद्द्यानंतर क्षणभर थांबावे.

सराव कसा करावा?

पोहणे जसे पुस्तक वाचून येत नाही, तसे बोलणेही येत नाही. सराव मात्र लहान पायऱ्यांनी करावा. प्रथम एका मित्रासमोर, नंतर चौघांसमोर, मग वर्गासमोर बोलावे. डहाणू लोकलने ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्यांना प्रवासातील अर्धा तास मैत्रिणीला विषय समजावून सांगण्यासाठी सहज वापरता येईल. निदान दोन वेळा तरी उभे राहून, मोठ्याने आणि घड्याळ लावून बोलावे. मनातल्या मनात केलेली उजळणी पुरत नाही. पहिली दोन व शेवटची दोन वाक्ये पक्की ठेवावीत, मधला भाग मुद्द्यांच्या आधारे स्वतःच्या शब्दांत सांगावा. बोलताना ओळखीच्या एखाद्या चेहऱ्याकडे पाहून सुरुवात करावी व हळूहळू सर्वांकडे नजर न्यावी.

प्रश्नोत्तरांची अनेकांना धास्ती वाटते. प्रश्न पूर्ण ऐकून घ्यावा, हवे तर तो आपल्या शब्दांत पुन्हा उच्चारावा आणि मगच उत्तर द्यावे. उत्तर ठाऊक नसेल तर “हे मी तपासलेले नाही, पाहून सांगतो” असे प्रांजळपणे म्हणावे. त्यात कमीपणा नाही. ठोकून दिलेल्या उत्तरापेक्षा अशा उत्तराने श्रोत्यांचा विश्वास वाढतो.

पालक आणि शिक्षक यांचा वाटा

सभाधीट मुले घडण्यासाठी ऐकणारी माणसे लागतात. जेवणाच्या ताटावर मुलाचे बोलणे मध्येच तोडणारे आपण, तोच मुलगा मुलाखतीत का अडखळला असे विचारू शकत नाही. घरी रोज दहा मिनिटे त्याला आपले म्हणणे पूर्ण करू द्यावे. शिक्षकांनी उच्चारांवर हसणाऱ्यांना वेळीच आवरावे आणि चुका सर्वांसमोर न दाखवता नंतर एकट्याला सांगाव्यात. दर वेळी त्याच दोन-तीन हुशार मुलांना व्यासपीठावर न पाठवता शेवटच्या बाकावरील मुलीलाही आभारप्रदर्शनाची चार वाक्ये बोलण्याची संधी द्यावी.

युवक-युवतींनो, पहिल्या प्रयत्नात आवाज कापला तरी खचून जाऊ नका. ज्या विषयासाठी तुम्ही मेहनत घेतली आहे, त्यावर वर्गात तुमच्याइतके अन्य कोणाला क्वचितच माहीत असते. ते इतरांच्या उपयोगी पडावे एवढ्याच भावनेने उभे राहा. स्वतःवरचे लक्ष ऐकणाऱ्यांकडे वळले की संकोच ओसरू लागतो. येत्या आठवड्यात वर्गात निदान एक प्रश्न हात वर करून विचारा. सुरुवातीला तेवढे पुरेसे आहे.