पडद्यावरची खतावणी

जुन्या चित्रपटांचे वेड असणारी मंडळी बँकेत कमी नाहीत. दिवसभर आकड्यांच्या सहवासात घालवल्यावर बिमल रॉय किंवा राज कपूर यांच्या सहवासाची ओढ लागणे तसे स्वाभाविकच. त्यात राष्ट्रीय बँकेचे एक वैशिष्ट्य असे, की बदल्यांच्या निमित्ताने देशाच्या निरनिराळ्या भागांतील माणसे एका छताखाली येतात. कोणी कोलकात्याचे, कोणी राजकोटचे, कोणी कोल्हापूरचे. गेल्या वर्षभरात आम्ही काही सहकारी आणि शाखेशी जुना स्नेह असलेले चार-सहा ग्राहक महिन्यातील एका रविवारी एकत्र जमून जुने चित्रपट पाहू लागलो. चित्रपट संपला, की चहा आणि चर्चा, असा परिपाठ ठरून गेला.

या चर्चांची सुरुवात गाण्यांपासून व्हायची, मग अभिनय, मग छायाचित्रण. पण दोन-तीन बैठकांनंतर एक गोष्ट सर्वांच्याच ध्यानात आली. चित्रपट कोणताही असो, बोलणे अखेर कर्ज, व्याज आणि हिशेब यांवर येऊन ठेपत होते. हा आमच्या व्यवसायाचा दोष म्हणावा तर तेही पूर्ण खरे नाही. भारतीय चित्रपटाने सावकाराची वही फार लवकर पडद्यावर आणली होती. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत बाबूराव पेंटर यांनी १९२५ साली ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. नारायण हरी आपटे यांच्या कथेवरील या चित्रपटात जमीन गमावून शहराची वाट धरणारा तरुण शेतकरी व्ही. शांताराम यांनी रंगवला होता. त्या मूकपटाची प्रत आज उपलब्ध नाही. परंतु त्याने काढलेल्या वाटेवरून पुढे आलेले चित्रपट आपल्याला पाहता येतात. त्यांपैकी काहींविषयी आमच्या मंडळींना काय वाटले, ते वाचकांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न.

६५ रुपयांचे २३५ रुपये

पहिली बैठक ‘दो बिघा जमीन’ची (१९५३). सलील चौधरी यांची कथा आणि संगीत, हृषीकेश मुखर्जी यांचे संकलन, बिमल रॉय यांचे दिग्दर्शन. कान महोत्सवात १९५४ साली गौरवला गेलेला हा चित्रपट अलीकडे नव्याने जतन करण्यात आला आणि २०२५ च्या व्हेनिस महोत्सवात पुन्हा दाखवला गेला.

शंभू महतो हा शेतकरी जमीनदाराचे ६५ रुपये देणे लागतो, अशी त्याची समजूत. घरातील चीजवस्तू विकून तो ती रक्कम घेऊन जातो, तेव्हा कारकुनाच्या वहीत २३५ रुपये निघतात. प्रकरण न्यायालयात जाते. निरक्षर शंभूपाशी आपली बाजू सिद्ध करणारा कागद नाही. तीन महिन्यांत रक्कम भरा, अन्यथा जमिनीचा लिलाव, असा निकाल लागतो. मग कोलकाता आणि हातरिक्षा.

आमचे कोलकात्याचे सहकारी बलराज साहनी यांच्या धावण्याविषयी बोलले. ही भूमिका करण्यापूर्वी साहनींनी त्या शहरात प्रत्यक्ष रिक्षा ओढण्याचा सराव केला होता. तेथे भेटलेल्या एका रिक्षावाल्याची कहाणी शंभूच्या कहाणीशी मिळतीजुळती निघाली, असे त्यांनी आपल्या आठवणींत नमूद केले आहे. मात्र कर्ज विभागात अनेक वर्षे काढलेल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे लक्ष वेगळ्याच ठिकाणी खिळले होते. ते म्हणाले, “मला रिक्षाच्या शर्यतीपेक्षा न्यायालयाचा प्रसंग अधिक अस्वस्थ करून गेला. न्यायाधीश काही दुष्ट नाहीत. ते समोरच्या कागदावर विश्वास ठेवतात. आपणही दुसरे काय करतो?”

या प्रश्नाला त्या दिवशी कोणापाशीच चटकन उत्तर नव्हते. रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ मध्ये केलेल्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीचे आकडे मी पुढच्या बैठकीला लिहून नेले. शेतकऱ्याने उभारलेल्या कर्जाच्या दर १०० रुपयांत सावकारांचा वाटा सुमारे ७० रुपये होता, सहकारी संस्थांचा सुमारे ३ रुपये आणि व्यापारी बँकांचा पुरता १ रुपयाही नव्हता. शंभू बँकेत का गेला नाही, हा प्रश्न आज आपल्याला सुचतो. त्याच्यासाठी बँक अस्तित्वातच नव्हती, हे त्याचे उत्तर आहे. १९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, त्यामागील परिस्थिती अहवालांतून समजते खरी; पण ती मनाला भिडते ती साहनींच्या चेहऱ्यावर.

राधाचे कंगन

मेहबूब खान यांच्या ‘मदर इंडिया’विषयी (१९५७) निराळे काय सांगावे? ऑस्करच्या अंतिम नामांकनापर्यंत पोहोचलेला हा चित्रपट बहुतेकांनी दोन-तीनदा पाहिलेला असतो. सुखीलालाची भूमिका कन्हैयालाल यांनी मेहबूब यांच्याच ‘औरत’मध्ये (१९४०) केली होती आणि १७ वर्षांनी ती त्यांनीच पुन्हा केली, ही माहिती आमच्यातील तरुण मंडळींना नवी होती.

राधाच्या सासूने लग्नासाठी घेतलेले ५०० रुपयांचे कर्ज हे या कथेचे मूळ. केवळ व्याजापोटी पिकाचा तीन-चतुर्थांश हिस्सा लालाच्या घरी जातो आणि मुद्दल जागच्या जागी राहते. व्याजाचे गणित शिकवण्यासाठी याहून प्रभावी उदाहरण शोधूनही सापडणार नाही, असे एका निवृत्त शिक्षिका असलेल्या ग्राहक भगिनी म्हणाल्या.

परंतु त्या दिवशी सर्वांना हलवून गेले ते सोने तारण कर्जाचे काम पाहणाऱ्या आमच्या एका सहकारी भगिनींचे बोलणे. बिरजूच्या मनात आईचे कंगन घर करून बसलेले असतात. ते सुखीलालाकडे अडकले आहेत, हे शल्य त्याला आयुष्यभर सोडत नाही. त्या म्हणाल्या, “दागिना सोडवायला आलेली बाई पिशवी उघडताच आधी वजन पाहत नाही. ती दागिना हातात धरून क्षणभर तशीच उभी राहते. आम्ही तारणाचे मूल्य ग्रॅममध्ये मांडतो. तिच्या लेखी तो आईचा किंवा सासूचा हात असतो.” कर्ज फेडून दागिना परत मिळणे ही आपल्याला नित्याची बाब वाटते. राधाच्या घरात तीच गोष्ट घडली असती, तर चित्रपटाचा शेवट कदाचित वेगळा झाला असता.

१०० रुपयांत घर

‘श्री ४२०’ (१९५५) पाहताना वातावरण हलके होते. राज कपूर, नर्गिस आणि शंकर-जयकिशन यांचे संगीत असताना ते तसे असणारच. मुंबईत आलेला राज आपले प्रामाणिकपणाचे पदक गहाण ठेवतो, तो प्रसंग सगळ्यांनीच हसत हसत, तरी थोडे गंभीर होऊन पाहिला. उत्तरार्धात मात्र शेठ सोनाचंद धर्मानंद यांची ‘जनता घर’ योजना येते. अवघ्या १०० रुपयांत पक्के घर! पदपथावर झोपणारी माणसे गाठीला बांधलेले पैसे घेऊन रांग लावतात.

त्या रांगेतील चेहरे पाहून आमच्या एका व्यापारी ग्राहकांनी मौन सोडले. अल्पावधीत दामदुप्पट देण्याचे आमिष दाखवणाऱ्या एका योजनेत त्यांच्या वडिलांची निवृत्तीनंतरची पुंजी बुडाली होती. “वडील लोभी नव्हते,” ते म्हणाले, “बहिणीचे लग्न तोंडावर होते. फसवणारा माणूस लोभाला नव्हे, गरजेला हाक मारतो. राज कपूरना हे नेमके कळले होते.”

सत्तर वर्षांनंतरही ‘जनता घर’ची जाहिरात नव्या नावाने आपल्या मोबाईलवर येतच असते. फरक इतकाच, की आज नागरिकापाशी काही साधने आहेत. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा कायदा २०१९ पासून आहे. पैसे स्वीकारणाऱ्या संस्थेला तशी परवानगी आहे किंवा नाही, हे रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ या संकेतस्थळावर पाहता येते व तेथे तक्रारही नोंदवता येते. पैसे गुंतवण्यापूर्वी ही पाच मिनिटे खर्च करावीत, एवढी विनंती या निमित्ताने वाचकांना करावीशी वाटते.

दोन रुपयांचे निर्माते

शेवटची बैठक ‘मंथन’ची (१९७६). गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये देऊन श्याम बेनेगल यांचा हा चित्रपट उभा केला. वर्गीज कुरियन यांच्या कार्यातून स्फुरलेली कथा, विजय तेंडुलकर यांची पटकथा, गोविंद निहलानी यांचे छायाचित्रण आणि गिरीश कर्नाड, स्मिता पाटील, नसीरुद्दीन शाह यांचा अभिनय. नव्याने जतन केलेली त्याची प्रत २०२४ च्या कान महोत्सवात दाखवली गेली.

आमचे राजकोटचे सहकारी या दिवसाची वाटच पाहत होते, कारण चित्रीकरण त्यांच्या जिल्ह्यातील सांगणवा या गावचे. त्यांनी एका बारकाव्याकडे आमचे लक्ष वेधले. गावकऱ्यांचा विश्वास भाषणांनी बसत नाही. दूध सर्वांसमोर तपासले जाते आणि स्निग्धांशानुसार भाव मिळतो, तेव्हा माणसे संस्थेकडे वळू लागतात. मोजमाप डोळ्यांदेखत झाले, की माणसाला आपला मान राखला गेल्यासारखे वाटते. शंभूला नेमके हेच मिळाले नव्हते.

अर्थात, सहकार म्हटले की सारे मंगलच, असे कोणी समजू नये. एका सहकाऱ्यांनी येथे ‘सामना’ची (१९७४) आठवण करून दिली. डॉ. जब्बार पटेल यांच्या त्या मराठी चित्रपटातील साखरसम्राट हिंदुराव आणि त्याला प्रश्न विचारत राहणारा मास्तर ही पात्रेही तेंडुलकरांचीच. दोन-तीन वर्षांच्या अंतराने एकाच लेखणीतून सहकाराची आशा आणि सहकारातील सत्ता, दोन्ही उतरल्या. संस्था कागदावर कशी आहे यापेक्षा ती कोणाच्या हाती आहे आणि तेथे प्रश्न विचारता येतो की नाही, हे महत्त्वाचे, असा निष्कर्ष त्या संध्याकाळी निघाला. तो आम्हा बँकवाल्यांनाही लागू पडतो, हे कोणी बोलून दाखवले नाही. दाखवण्याची गरजही नव्हती.

समजेल अशा भाषेत

कर्ज विभागातील ज्येष्ठ सहकाऱ्यांचा पहिल्या बैठकीतील प्रश्न मात्र अनुत्तरित राहिला होता. कागदावर विश्वास ठेवण्यावाचून बँकेला गत्यंतर नाही, हे खरे. मग शंभूची गाठ पुन्हा तशाच कागदाशी पडू नये, यासाठी काय करायचे?

याचे एक उत्तर नियमांतच आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ आणि सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या नव्या मुदत कर्जांसाठी मुख्य तथ्य विवरण देणे बंधनकारक झाले आहे. वार्षिक व्याजदर आणि सर्व शुल्के त्यात एकत्र दाखवावी लागतात. ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावे, त्यातील मजकूर त्याला समजावून सांगावा आणि तो समजल्याची पोच त्याच्याकडून घ्यावी, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. ग्राहकांनी हे विवरण मागून घ्यावे, सावकाश वाचावे आणि शंका असल्यास निःसंकोचपणे विचारावे. तो त्यांचा अधिकार आहे.

आणि आमच्या बाजूचे काय? ‘समजले’ ही सही गर्दीच्या वेळी पाच सेकंदांत उरकता येते, हे प्रत्येक शाखेत ठाऊक असते. तसे केले, तर कागद पूर्ण होतो आणि शंभू जिथल्या तिथे राहतो. त्या सहकाऱ्यांनी अलीकडे एक पद्धत सुरू केली आहे. कर्जाच्या अटी सांगून झाल्यावर ते कर्जदाराला विनंती करतात, “आता तुम्ही मला सांगा, दरमहा किती भरायचे, किती वर्षे, आणि हप्ता चुकला तर काय होईल?” यात दहा मिनिटे अधिक जातात. रांगेतील कोणी कुरकुरतेही. गेल्या महिन्यात एका कर्जदाराने या प्रश्नांची उत्तरे देता देता स्वतःहूनच कर्जाची रक्कम कमी करून मागितली, असे त्यांनी आम्हाला सांगितले.

पुढील बैठकीसाठी चित्रपट अद्याप ठरलेला नाही. वाचकांनीही एखादा जुना चित्रपट नुकताच पाहिला असेल आणि त्यातील एखादा व्यवहार, एखादा हिशेब मनात रेंगाळत असेल, तर आपल्या शाखेमार्फत आम्हाला अवश्य कळवावे.