कॉफी भाजणारी मुंबई

माटुंगा स्थानकावरून पूर्वेला बाहेर पडलं की आधी फुलं भेटतात. मोगऱ्याच्या वेण्या, अबोली, तुळशीचे हार, बाजूला केळीच्या पानांच्या चळती. चार पावलं पुढे गेलं की फुलांच्या वासात दुसरा एक वास मिसळू लागतो, खमंग आणि जरासा कडवट. ‘म्हैसूर कन्सर्न्स’ या जुन्या दुकानात कॉफी दळली जात असते. दुकान शोधावं लागत नाही, नाकच तिथे नेऊन सोडतं.

मी पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा मला वाटलं होतं, ‘पाव किलो कॉफी द्या’ म्हटलं की काम होईल. काउंटरवरून उलट प्रश्न आले. फिल्टरसाठी हवी का? चिकोरी घालायची का, किती? पीबेरी, म्हणजे फळात एकटाच वाढलेला गोल दाणा, हवी की प्लांटेशन, म्हणजे फळाचा गर धुऊन वाळवलेला दाणा? माझ्या मागे उभ्या असलेल्या आजींना यातलं काहीच विचारावं लागलं नाही. त्यांनी फक्त मान हलवली आणि त्यांचं नेहमीचं प्रमाण तागडीत पडलं. वर्षानुवर्षं एकाच घरासाठी एकाच मापाची कॉफी दळून देणं ही मोठी जाणकारी आहे, असं मला तेव्हापासून वाटत आलं आहे.

माटुंग्यालाच हे का रुजलं? त्याचं मूळ प्लेगमध्ये आहे. १८९६च्या साथीनंतर मुंबईच्या दाट वस्तीतून लोकांना बाहेर काढायचं ठरलं, १८९८मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दादर, माटुंगा, वडाळा, शीव या भागांत आखीव रस्त्यांच्या वसाहती उभ्या राहू लागल्या. त्याच काळात आणि पुढेही मद्रास इलाख्यातून, पालघाटकडून, म्हैसूरकडून तरुण मुंबईच्या कचेऱ्यांत कारकून आणि लघुलेखक म्हणून येत होते. माटुंग्यात त्यांची घरं झाली, मंदिरं झाली, शाळा झाल्या, उडुपी खाणावळी झाल्या. ज्याच्या घरी पितळी फिल्टर होता त्याला दर आठवड्याला ताजी पूड लागायची. इथली कॉफीची दुकानं या गरजेतून उभी राहिली. चहासारखी महिन्याची पेटी भरून ठेवायची ही वस्तू नव्हे, भाजीसारखी लागेल तेवढी न्यायची वस्तू आहे, हे या दुकानांना कुणी शिकवावं लागलं नाही.

मुंबईची कॉफी माटुंग्याहूनही जुनी आहे. १८८८ साली पेस्तनजी एडलजी दलाल या पारशी मुलाने कॉफी भाजून-दळून विकण्याचा लहानसा धंदा मांडला. पुढे लोण्यासाठी घरोघरी पोहोचलेलं ‘पोल्सन’ हे नाव आधी कॉफीचं होतं. १९३६मध्ये चर्चगेटला इंडिया कॉफी हाउस उघडलं. या सगळ्या कपांत चिकोरी सोबतीला होतीच. चिकोरी म्हणजे एका झाडाचं मूळ, वाळवून भाजलेलं. त्यात कॅफिन नाही, पण रंग आहे, दाटपणा आहे, दुधात न हरवणारा कडवटपणा आहे. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे कॉफी-चिकोरीच्या मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी असावीच लागते आणि किती चिकोरी आहे ते पाकिटावर छापावं लागतं. नव्या कॉफीचे चाहते चिकोरीला भेसळ म्हणतात तेव्हा मला वाईट वाटतं. प्रमाण सांगून घातलेली चिकोरी ही भेसळ नाही, ती आवड आहे. आपल्या मराठी घरात कॉफीत जायफळ किसून घालतात, तशीच.

हा झाला एका बाजूचा नाद. दुसऱ्या बाजूला जाण्याआधी एका कायद्याशी थांबायला हवं, कारण त्याशिवाय आजची पाकिटं कळत नाहीत. १९४२च्या कायद्याने कॉफी बोर्डाकडे बाजाराची सूत्रं गेली. बागायतदाराने आपलं पीक बोर्डाच्या सामाईक साठ्यात द्यायचं, बोर्डाने प्रतवारी करून ते लिलावात विकायचं. युद्धाच्या काळात बाजारपेठा बंद झाल्या होत्या, तेव्हा याने शेतकरी वाचला. पण पुढे कित्येक दशकं याचा अर्थ असा झाला की चिकमगळूरच्या डोंगरावर जिवापाड जपून वाळवलेला दाणा आणि कसाबसा उरकलेला दाणा एकाच प्रतीच्या पोत्यात जायचे. बागेचं नाव तिथेच पुसलं जायचं. १९९२पासून टप्प्याटप्प्याने ही पकड सैल झाली आणि १९९६पर्यंत बागायतदाराला आपली कॉफी हवी त्याला विकायची मोकळीक मिळाली. मुंबईतला एखादा भाजणारा आज थेट बागेत जाऊन चार पोती निवडून आणतो, ते या बदलामुळे शक्य झालं.

दुसरी बाजू म्हणजे हे नवे भाजणारे. महालक्ष्मीला डॉ. ई. मोझेस रोडवर लक्ष्मी वुलन मिलच्या आवारात ब्लू टोकाईने आपली भट्टी आणि कॅफे मांडलं. कंपनी २०१३ची, सुरुवात दिल्लीची. ‘टोकाई’ म्हणजे मोराचा पिसारा, हा शब्द दक्षिणेचा. गिरणीच्या उंच छपराखाली तिथे मी यंत्राचं घुमणारं पिंप पाहिलं. कच्चा दाणा हिरवट-करडा असतो आणि त्याला वास येतो गवताचा. पिंपात तो आधी पिवळा होतो, मग दालचिनीच्या रंगावर येतो आणि साधारण २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तडतडू लागतो, ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसा. याला ‘पहिला तडका’ म्हणावं असं मला वाटतं, भाजणारे मात्र सरळ ‘फर्स्ट क्रॅक’ म्हणतात. या तडतडीनंतर किती सेकंदांनी दाणे बाहेर ओतायचे, यावर सगळं ठरतं. लवकर काढले तर फळाचा आंबटगोडपणा राहतो, थांबलं तर चॉकलेटकडे, आणखी थांबलं तर जळक्याकडे चव झुकते. तोपर्यंत पाण्याचा अंश उडालेला असतो. १०० किलो हिरवे दाणे घातले तर हाती साधारण ८५ किलोच लागतात.

तिथली पाकिटं वाचायला वेळ द्यावा. बागेचं नाव, दाण्याची जात, प्रक्रिया, भाजल्याची तारीख. एका पाकिटावर ‘रत्नागिरी इस्टेट’ वाचून मी चमकले होते. ही रत्नागिरी हापूसची नव्हे, कर्नाटकातल्या बाबाबुदनगिरीच्या डोंगररांगेतली. मक्केच्या यात्रेवरून परतताना बाबा बुदन यांनी सात बिया लपवून आणल्या अशी दंतकथा आहे, त्याच डोंगरातली. जातीच्या जागी ‘एस. ७९५’ असा आकडा दिसतो. ही आपल्या संशोधकांनी तयार केलेली अरेबिका, गेली कित्येक दशकं दक्षिणेच्या बागांचा आधार. ‘वॉश्ड’ म्हणजे फळाचा गर धुऊन काढून वाळवलेला दाणा, त्याची चव स्वच्छ. ‘नॅचरल’ म्हणजे फळासकट वाळवलेला, त्यात जांभळाची, मनुकांची आठवण. तुमची आवड कोणती ते दोन पाकिटांत कळतं.

अशा कॉफीला ‘स्पेशालिटी’ म्हणतात, हा शब्द मात्र सैल झाला आहे. मुळात त्याला माप आहे. प्रशिक्षित चाखणारे गरम पाण्यात पूड भिजवून झालेली कॉफी चमच्याने मोठा आवाज करत ओढतात, वास, आंबटपणा, दाटपणा, मागे रेंगाळणारी चव यांना गुण देतात आणि १००पैकी ८० किंवा जास्त गुण मिळाले तर तो दाणा स्पेशालिटी. सुंदर पाकिटाने हे गुण मिळत नाहीत.

या नव्या दुकानांतली मला सर्वांत जवळची वाटलेली गोष्ट त्यांच्या पत्त्यांत आहे. कोइनोनिया, म्हणजेच के. सी. रोस्टर्सचं काम खारजवळच्या चुईम गावात सुरू झालं. सबकोने २०२०मध्ये वांद्र्याच्या चॅपल रोडवर ‘मेरी लॉज’ या जुन्या बंगल्यात आपलं दुकान थाटलं. चुईम आणि चॅपल रोडलगतचं रानवार ही ईस्ट इंडियन गावठाणं आहेत. ईस्ट इंडियन म्हणजे उत्तर कोकणातले मूळ कॅथलिक, ज्यांच्या घरात आजही मराठीची त्यांची स्वतःची बोली बोलली जाते. लाकडी जिने, कौलं, कोपऱ्याकोपऱ्यावर क्रूस. याच गल्ल्यांत उन्हाळ्यात बाटली मसाल्यासाठी मिरच्या आणि वीसहून अधिक जिन्नस एकेक करून, प्रत्येकाला त्याची वेगळी आच देत भाजले जायचे, कुटून बाटल्यांत ठासून भरले जायचे. भाजण्याच्या वासाने गल्ली भरून जाणं त्या गावठाणाला नवं नाही. कॉफीने तिथे घर केलं हे मला योग्य वाटतं. ती घरं टिकावीत, तिथली माणसं तिथेच राहावीत, एवढी काळजी मात्र या दुकानांनी आणि आपण गिऱ्हाइकांनीही वाहायला हवी.

घेण्याबद्दल थोडं. दाणेच घ्यावेत, घरी दळावेत. ते जमत नसेल तर आठवड्यापुरती पूड दळून घ्यावी. भाजल्यावर काही दिवस दाण्यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत राहतो, म्हणून पाकिटाला ती लहानशी झडप असते. चार-पाच दिवसांनी चव खुलते, महिन्याभराने उतरायला लागते. ऐन जूनमध्ये मी एकदा मोठं पाकीट दळून आणलं आणि झाकण नीट न लागणाऱ्या बरणीत भरलं. दोन आठवड्यांत त्या पुडीचा वास गेला आणि खाली गोळे झाले. मुंबईची हवा कॉफीला क्षमा करत नाही.

पण याच हवेने एक कॉफी घडवलीही आहे. शिडाच्या जहाजांच्या काळात मलबारची कॉफी आफ्रिकेला वळसा घालून महिनोन्‌महिने युरोपकडे जायची. समुद्राच्या दमट हवेने दाणे फुगायचे, फिकट पिवळे पडायचे, आंबटपणा गळून जायचा. लोकांना त्या चवीची सवय लागली. १८६९मध्ये सुएझ कालवा खुला झाला, प्रवास आखूड झाला आणि ती चव हरवली. मग मंगळूरच्या किनाऱ्यावर तीच चव मुद्दाम घडवली जाऊ लागली. जून ते सप्टेंबर, उघड्या बाजूंच्या गोदामांत दाणे पसरायचे, ओला पश्चिमी वारा त्यांवरून जाऊ द्यायचा, पुन्हा पुन्हा उलथायचे, पोत्यांत भरायचे, पोती हलवायची. ‘मॉन्सून्ड मलबार’ला भौगोलिक मानांकन आहे. दुधात घालायची असेल आणि आंबटपणा सोसत नसेल, तर मी हीच सुचवते.

आता माझ्या स्वयंपाकघरात दोन डबे शेजारी असतात. एक माटुंग्याचा, पीबेरी आणि थोडी चिकोरी, सकाळच्या फिल्टरसाठी. दुसरा बागेचं नाव असलेला, दुपारी बिनदुधाचा. माटुंग्याचा दुकानदार पिणाऱ्याला ओळखतो, चुईमचा भाजणारा पिकवणाऱ्याला. जुन्या दुकानाने पोत्यावरचं बागेचं नाव सांगायला लागावं आणि नव्या दुकानाने ‘घरी कशी करता?’ हा प्रश्न आधी विचारावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आणखी एक इच्छा आहे. महाराष्ट्रातही कॉफी पिकते, अमरावती जिल्ह्यात, मेळघाटच्या माथ्यावर, चिखलदऱ्याला. इंग्रजांच्या काळात लावलेल्या झाडांचा तो वारसा. कूर्ग, वायनाड, अराकूची नावं मुंबईच्या फळ्यांवर मी रोज वाचते. चिखलदऱ्याचं नाव मला अजून कुठल्या पाकिटावर दिसलेलं नाही. दिसेल त्या दिवशी चाळीत, बाजारात, ओळखीच्या प्रत्येकाला सांगत सुटेन.