डाव्या मधल्या बोटाची कैफियत

मागच्या पावसाळ्यात मी कीबोर्ड बदलला. जुना फार वाजायचा, म्हणून या वेळी मुद्दाम मुका घेतला. दुसऱ्याच दिवशी फेरफाराचा अर्ज करायला तालुक्यातल्या एका खेड्यातून एक आजी आली. तिचं नाव, गट नंबर, गाव असं मी टाइप करत होतो आणि स्क्रीनची पाठ तिच्याकडे होती. दोन मिनिटं तिनं वाट पाहिली आणि म्हणाली, "बाबू, लाइन गेली काय?"

लाइन होती, आवाज नव्हता. समोरच्या माणसाला खटखट ऐकू आली की आपलं काम चाललंय अशी त्याची खात्री पटते, हे नागपूर जिल्ह्यातल्या उमरेडमध्ये माझ्या दुकानात इतकी वर्षं अर्ज टाइप करून माझ्या ध्यानात यायला हवं होतं. त्या आजीनंतर मी कळांकडे आणि कळांखालच्या स्विचांकडे जरा कान देऊन पाहू लागलो. त्याचाच हा आढावा.

माझ्या बोटांना वळण लागलं ते टाइपरायटरवर. त्याची कळ दाबायची नसते, मारायची असते. बोट खाली जातं, तरफ हलते, अक्षराचा खिळा उसळून फितीवर आदळतो आणि दुसऱ्या क्षणी बोट वर आलेलं असावं लागतं. रेंगाळलात तर दोन खिळे एकमेकांत अडकतात. खाली तीन कार्बन असतील तर जोर आणखी हवा. करंगळी मुळात दुबळी, तिच्या वाट्याची अक्षरं फिकट उमटत. आमचे सर कागद उलटा करून पाठीवरून बोट फिरवायचे. पूर्णविरामाच्या जागी भोक पडलं असेल तर ओरडा, आणि करंगळीच्या अक्षरांचा उठाव हाताला लागला नाही तरी ओरडा.

मराठी मशीनची आणखी एक गंमत होती. अनुस्वार, उकार अशा काही कळा मारल्या तरी गाडा पुढे सरकत नसे. खिळा आदळल्याचा ठोका ऐकू यायचा, पण गाडा एक घर सरकल्याची ती बारीक 'टिक्' त्यामागून येत नसे. सराव झालेला माणूस कागदाकडे न बघता नुसत्या कानाने सांगायचा की अनुस्वार राहिला.

ही यंत्रं आपल्या राज्यातही बनत. गोदरेजने पहिला भारतीय टाइपरायटर 1955 मध्ये बाजारात आणला. पुढे त्यांचं 'प्रायमा' मॉडेल कचेऱ्यांत आणि टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये घरोघरच्या शिवणयंत्रासारखं पसरलं. 2009 मध्ये त्यांनी उत्पादन थांबवलं. टायपिंगची सरकारी परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते, आणि केंद्रावर यंत्र आपलं आपण न्यावं लागे. परीक्षेच्या दिवशी हातगाडीवर, टेम्पोत टाइपरायटर बांधून निघालेली पोरं मी पाहिली आहेत, त्यातलाच मीही एक. एका हॉलमध्ये तीस यंत्रं एकदम सुरू झाली की पर्यवेक्षकाला काही सांगायचं तर शेजारी जाऊन सांगावं लागे. 2017 मध्ये टाइपरायटरवरची शेवटची परीक्षा झाली. लिपिक-टंकलेखकाच्या नोकरीला मात्र मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्दांचा वेग अजून लागतोच, तो आता संगणकावर मोजतात.

संगणकाच्या कीबोर्डचे दोन मोठे वंश. स्वस्तात मिळतो त्यात खाली प्लास्टिकचे पापुद्रे आणि त्यावर रबरी टोप्या असतात. टोपी पार चेपून तळाला टेकली तरच अक्षर उमटतं, त्यामुळे प्रत्येक अक्षराला बोट तळावर आदळतं. वर्षभरात टोप्या सैल होतात आणि ओल्या पापडावर बोट ठेवल्यासारखं वाटू लागतं. दुसरा वंश मेकॅनिकल, त्यात प्रत्येक कळेला स्वतःचा स्विच, स्वतःची स्प्रिंग. आयबीएमने 1985 मध्ये आणलेल्या 'मॉडेल एम'मध्ये कळ दाबली की खालची स्प्रिंग मध्येच वाकून बाजूला लचकायची आणि खणखणीत टाळी वाजायची. त्या टाळीचे भक्त अजून आहेत. पण आज बाजारात जे मिळतं ते बहुतेक सगळं चेरी या जर्मन कंपनीने ऐंशीच्या दशकात काढलेल्या 'एमएक्स' स्विचचं गोत्र. त्याच्या पेटंटची मुदत संपली तशी गेटरॉन, कैल, आउटेमू या चिनी कंपन्यांनी तोच साचा उचलला आणि मेकॅनिकल कीबोर्ड दोन-अडीच हजारांत नागपुरात मिळू लागला.

या स्विचची मेख अशी की कळ एकूण चार मिलिमीटर खाली जाते, पण अक्षर साधारण दोन मिलिमीटरवरच उमटतं. तळ गाठायची गरज नसते. अर्ध्या वाटेवर बोटाला काय जाणवतं यावरून जाती पडतात, आणि जातींना रंगांची नावं आहेत. लाल स्विच सरळ, लोण्यात सुरी गेल्यासारखा. जोर 45 ग्रॅमच्या आसपास लागतो आणि वाटेत काहीही जाणवत नाही. काळा तसाच, पण 60 ग्रॅमचा. तपकिरी स्विचच्या दांड्याला बारीक उंचवटा असतो. तो धातूच्या पट्टीवरून सरकताना बोटाला एक खडा लागतो, कानाला फारसं काही लागत नाही. निळ्यात दांड्यावर एक सुटा कॉलर असतो, तो नेमक्या त्या जागी सटकून खाली आपटतो आणि 'खट्' होते. म्हणजे बोटाला आणि कानाला एकाच वेळी पावती.

निळा आवाज आपल्याकडे परका नाही. बँकेत, गॅस एजन्सीत, मेडिकल स्टोअरच्या बिलिंगला ज्यांनी टीव्हीएस गोल्ड कीबोर्ड ऐकला आहे त्यांनी चेरीचा निळा स्विच ऐकला आहे, नाव माहीत नसेल एवढंच. शेजारच्या डॉट मॅट्रिक्सच्या किरकिरीत तो मिसळून जायचा.

आता माझा खरा वाद. कुठला स्विच चांगला हे सांगणारी माणसं एक तर गेम खेळणारी असतात, नाही तर इंग्रजी लिहिणारी. मराठी लिहिणाऱ्याचा हात त्यांना ठाऊक नाही. सरकारमान्य इनस्क्रिप्ट मांडणीत मात्रा डावीकडे आणि बहुतेक व्यंजनं उजवीकडे. काना इंग्रजी ई वर, आणि जोडाक्षरासाठी पाय मोडायचा तो डी वर. दोन्ही डाव्या हाताच्या मधल्या बोटाकडे! 'विद्यार्थी' टाइप करून पाहा. शिफ्ट सोडून दहा कळा लागतात, त्यातल्या तीन त्या एकट्या बोटाच्या. शाळेचे दाखले, हमीपत्रं, प्रतिज्ञापत्रं यांत जोडाक्षरांचा आणि कान्यांचा पाऊसच असतो. उजवा हात त्या मानाने ऐषारामात.

दुसरी शिक्षा डाव्या करंगळीला. ळ, श, ख, थ, ध, भ, फ हे सगळे उजव्या हाताचे, पण शिफ्ट धरून मिळणारे, म्हणून शिफ्ट डाव्या करंगळीने धरायचं. 'नागपूर' लिहिताना शिफ्ट एकदाही लागत नाही, 'उमरेड'ला उ पुरतं एकदा. आणि ज्यावर लिहितो तो 'कळफलक' पाच अक्षरांचा, त्यात शिफ्ट दोनदा. इंग्रजीत शिफ्ट वाक्याच्या सुरुवातीला लागतं, आपल्याला शब्दाच्या पोटात लागतं. म्हणून 60 ग्रॅमचा काळा स्विच मी मराठी टाइप करणाऱ्या कुणालाही सुचवणार नाही. दिवसभरात करंगळी बोलू लागते.

लालही मला मानवला नाही. वाटेत खूण नसल्याने टाइपरायटरची सवय असलेला हात दर वेळी तळाशी जाऊन आपटतो आणि कळेवर नुसतं टेकलेलं बोटही अक्षर उमटवून जातं. माझ्या एका उताऱ्यात गावाच्या नावात आगाऊ काना शिरला तो असाच. दोष स्विचचा नाही, माझ्या जड हाताचा, पण अशा हाताची माणसं माझ्या पिढीत पुष्कळ आहेत. आम्हाला वाटेतला खडा हवा.

आवाजाचंही सगळं श्रेय स्विचला देऊ नये. तोच निळा स्विच पोकळ प्लास्टिकच्या पेटीत कडकड वाजतो आणि जड पेटीत, आत फोम असेल तर, ठसठशीत होतो. कळांच्या टोप्या एबीएस प्लास्टिकच्या असतील तर आवाज पातळ येतो आणि वर्षभरात त्या तेलकट चकाकतात. पीबीटीच्या जाड टोप्यांचा आवाज खर्जातला. लोखंडी टेबलावर सगळंच वाजतं. कीबोर्डखाली जुनी सतरंजी घातली की निम्मं भांडण मिटतं, हा माझा बिनखर्ची शोध.

आयुष्याचं म्हणाल तर निळ्या स्विचला कंपनी 5 कोटी दाबांची हमी देते. काना दिवसाला पाच हजार वेळा मारला आणि वर्षाचे 300 दिवस काम केलं, तर वर्षाला 15 लाख, म्हणजे तेहतीस वर्षं. तेवढं आपण टिकतो की नाही कोण जाणे. पण हा हिशोब उमरेडच्या धुळीला विचारून केलेला नाही. इकडे कोळशाची खाण, तिकडे भिवापुरी मिरचीचा व्यापार. एका मिरचीवाल्या शेठच्या दुकानातला कीबोर्ड मी एकदा झटकायला घेतला. टोप्या काढून ब्रश फिरवला आणि पुढची दहा मिनिटं आम्ही दोघंही शिंकत होतो. आत लाल भुकटीचा थर, आणि एंटरची कळ वर यायला नकार देत होती. मेकॅनिकलचा मोठा फायदा इथे कळतो. टोपी निघते, आत ब्रश जातो, आणि ज्यात स्विच उपसून बदलता येतात असा कीबोर्ड असेल तर बिघडलेला एक बदलून काम भागतं. रबरी टोप्यांचा असता तर सगळाच फेकावा लागला असता.

मी आता दुकानात निळा ठेवला आहे, आजीसारख्यांसाठी. घरी रात्री लिहायला तपकिरी, कारण घरच्यांनी निळ्याला एका रात्रीत हाकललं. तुम्ही घ्यायला जाल तेव्हा दुकानातल्या पोराच्या रंगांच्या व्याख्यानाकडे फार लक्ष देऊ नका. आपला मराठी कळफलक सुरू करून मागा आणि 'विद्यार्थी' व 'कळफलक' हे दोन शब्द वीस-वीस वेळा लिहून पाहा. डावं मधलं बोट आणि डावी करंगळी कुरकुरली नाही, तर पैसे द्या.